पन्नाशीनंतर पियानो, आणि तोही परवडणारा

मेंदू तल्लख राहावा म्हणून काय करू, असे साठीच्या आसपासची माणसे विचारतात तेव्हा त्यांना शब्दकोडी सुचवली जातात. वाद्य शिका, असे क्वचितच कोणी सांगते. पियानो तर नाहीच. तो श्रीमंतांचा, आणि शिकायचा तर लहानपणीच, हे आपण धरून चालतो.

अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६० ते ८५ वर्षांच्या माणसांना सहा महिने पियानो शिकवला गेला. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे नेणे, खुणा आणि आकडे वेगाने जुळवणे, अशा चाचण्यांत त्यांची प्रगती दिसली. अभ्यास छोटा होता. पियानोने स्मृतिभ्रंश टळतो असा अर्थ त्यातून काढू नये, आणि तसे सांगून क्लास विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहावे.

आता खर्च. खरा पियानो लाखांच्या घरात जातो, शिवाय आपल्या दमट किनाऱ्यावर त्याचे सूर सांभाळणे हा वेगळाच व्याप. नवशिक्याला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरतो; बोटाच्या जोरानुसार आवाज कमी-जास्त होणारा मात्र हवा. जुना चालेल. मुलांच्या हौसेपायी आणलेले कितीतरी कीबोर्ड माळ्यावर धूळ खात पडलेले असतात! शिकवणी पंधरा दिवसांतून एकदा घ्यावी, किंवा तिघाचौघांनी मिळून लावावी. पहिले दोन-तीन महिने तरी शिक्षक समोर असावा. मोबाइलवरचा व्हिडिओ तुमचे वाकडे मनगट आणि उचललेला खांदा पाहत नाही. मग अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले की माणूस आमच्या ओपीडीत येतो. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बरी. मधुमेहींची बोटे अडकत असतील किंवा रात्री हाताला मुंग्या येत असतील, तर आधी तपासून घ्यावे.

गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून सामान्य घरांतली मुले स्वरलिपी शिकली, आणि पुढे मुंबईच्या सिनेसंगीताला त्यांच्यातूनच वादक मिळाले. पणजीच्या कला अकादमीतही पाश्चात्त्य संगीत शिकवले जाते. सार्वजनिक पैशातून हे होऊ शकते, ते असे. आपल्या पालिका शाळांचे वर्ग संध्याकाळी कुलपात असतात. चार कीबोर्ड आणि आठवड्यातून दोन दिवस मानधनावर एक शिक्षक, एवढे कोणत्याही महापालिकेला जड नाही. ज्येष्ठ नागरिक संघांनी बाकड्यांसोबत हेही मागावे. प्रौढांसाठी वेगळी तुकडी हवी, कारण आठ वर्षांच्या मुलांच्या रांगेत बसायला आजोबा लाजतात आणि चौथ्या दिवशी येणे बंद करतात.

तोवर पेटी आहेच. ती शिकवणारे तालुक्याच्या गावीही भेटतात. पट्ट्यांची मांडणी तीच. डावा हात तेवढा भात्यावर अडकतो, त्यामुळे दोन्ही हातांनी वेगवेगळे वाजवण्याचा सराव नंतर कीबोर्डवर करावा लागेल.