आधी आलेख, मग करवत

गाडीत सबवूफर बसवायचा ठरला की सारी चर्चा वूफर किती इंची आणि अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा यावर होते. वूफर ज्या पेटीत बसणार, तिचे माप मात्र डिकीत उरलेल्या जागेवरून ठरते. सीएनजीची टाकी असलेल्या हॅचबॅकमध्ये तर टाकीच्या आजूबाजूला मिळेल तेवढीच पेटी. कारागीर टेपने जागा मोजतो, एमडीएफ कापतो, आणि बेस कसा येईल ते गाणे लावल्यावर कळते. वास्तविक खालच्या पट्टीतला आवाज वूफर आणि पेटी मिळून घडवतात. त्यांचे जमेल की नाही, हे लाकडाला करवत लागण्याआधी संगणकावर तपासता येते. त्यासाठी लागणारी विनआयएसडी, हॉर्नरिस्प यांसारखी सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत. तरीही हिशेबाविना पेट्या बनत राहाव्यात, याला काही कारण उरलेले नाही.

या सॉफ्टवेअरमागचे शास्त्र साठ वर्षांहून जुने आहे. ऑस्ट्रेलियातील अभियंते नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये पोर्ट, म्हणजे हवेच्या ये-जा करण्यासाठी नळी, असलेल्या पेटीतील लाउडस्पीकरचे वागणे विद्युत-फिल्टरच्या गणिताने मांडले. सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी पुढे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते काम विस्तारले. म्हणूनच वूफरच्या माहितीपत्रकावरील आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. त्यांतले तीन मुख्य. एफएस म्हणजे वूफरची स्वतःची अनुनाद-वारंवारता. क्यूटीएस म्हणजे त्या अनुनादावर वूफरचा स्वतःचा लगाम किती, याचे माप. आकडा जितका लहान, तितका लगाम घट्ट. व्हीएएस म्हणजे वूफरच्या लवचिकतेशी बरोबरी करणाऱ्या हवेचे लिटरमधले आकारमान.

एक उदाहरण घेऊ. बारा इंची वूफर, एफएस 28 हर्ट्झ, क्यूटीएस 0.45, व्हीएएस 60 लिटर. त्याला 40 लिटरच्या सीलबंद पेटीत बसवले, तर आतली हवा स्प्रिंगसारखी वूफरच्या पडद्याला मागे रेटते आणि अनुनाद 44 हर्ट्झवर सरकतो. पेटीसह मोजलेला क्यू 0.71 येतो. हा सपाट, उंचवटा नसलेला प्रतिसाद. जागा वाचवण्यासाठी पेटी 20 लिटरची केली, तर अनुनाद 56 हर्ट्झवर जातो, क्यू 0.9 होतो आणि आलेखावर हलकासा फुगवटा दिसू लागतो. 25 हर्ट्झला हीच पेटी मोठ्या पेटीपेक्षा सुमारे 3 डेसिबलने मागे पडते. निर्णय मालकाचाच असतो; पण आपण काय मिळवले आणि काय सोडले, हे त्याला आधी दिसते.

पोर्टच्या पेटीत चुकीची किंमत याहून मोठी. 55 लिटरची पेटी 32 हर्ट्झला ट्यून करायची, तर 10 सेंटिमीटर व्यासाची नळी साधारण 35 सेंटिमीटर लांब लागते. या नळीतून हवा फार वेगाने धावू लागली की फुसफुस ऐकू येते. तो वेग सेकंदाला 17 मीटरच्या आसपास रोखावा, असा संकेत आहे. वेग कमी करायला नळी 15 सेंटिमीटरची केली, की त्याच ट्यूनिंगसाठी तिची लांबी 80 सेंटिमीटरच्या वर जाते. ती पेटीत मावणार कशी? शिवाय ट्यूनिंगच्या खाली पेटीतली हवा पडद्याला आवरत नाही, म्हणून त्याखालचे सूर अडवणारा सबसोनिक फिल्टर नसेल तर वूफर हकनाक फाटू शकतो. पडदा किती मिलिमीटर हलेल, याचा आलेख सॉफ्टवेअर देते. प्रतिसादाच्या आलेखाइतकाच तोही पाहायला हवा.

मात्र संगणकावरचा आलेख हा गाडीतला आवाज नव्हे. तो बहुधा मोकळ्या जागेतल्या पेटीचा असतो. गाडीची केबिन मात्र छोटी आणि बंद. आतली लांबी 2.8 मीटर धरली, तर सुमारे 60 हर्ट्झच्या खाली केबिनमधली हवा एकाच वेळी दाबली जाते आणि वारंवारता निम्मी झाली की पातळी 12 डेसिबलपर्यंत वाढू शकते. दरवाजांच्या फटी, पत्र्याची थरथर, उघड्या काचा यांमुळे प्रत्यक्षात ही वाढ कमी भरते. सेडानमध्ये डिकी आणि केबिन यांच्यामध्ये सीटची पाठ येते, तिथे गणित आणखी वेगळे. मोकळ्या जागेत सीलबंद पेटीचा आवाज अनुनादाच्या खाली नेमका या 12 डेसिबलच्याच दराने उतरत असतो. म्हणून कागदावर किरकोळ वाटणारी सीलबंद पेटी गाडीत खोल आणि नेटका बेस देते. उलट खोलीत सपाट वाटणारी पोर्टची पेटी गाडीत घुमते. हा फरक लक्षात न घेता केवळ सपाट रेषेच्या मागे लागणे, म्हणजे सॉफ्टवेअर वापरूनही चुकणे होय.

इतर मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. हे गणित कमी आवाजाच्या पातळीवर खरे उतरते. व्हॉइस कॉइल 100 अंशांनी तापली, तर तांब्याचा रोध जवळपास 40 टक्क्यांनी वाढतो आणि आलेखातली पातळी गाठली जात नाही. पेटीचे आकारमानही निव्वळ धरायचे: लाकडाची जाडी, वूफरचा मागचा भाग, आधाराच्या पट्ट्या, पोर्ट हे सारे वजा करून. बाहेरचे माप सॉफ्टवेअरमध्ये भरले, तर आलेख कितीही देखणा येवो, तो त्या पेटीचा नसतो. काम झाल्यावर चालकाच्या सीटवर मापनाचा मायक्रोफोन ठेवून रूम ईक्यू विझार्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरने प्रतिसाद तपासला, की अंदाज आणि वास्तव यांचा मेळ लागतो. पुढच्या पेटीचा अंदाज त्यातूनच सुधारतो.

याचा संबंध फक्त हौशी लोकांशी नाही. पेटी चुकली की खोल बेस येत नाही. मग तो आणण्यासाठी आवाज वाढवला जातो, वूफर जळतो आणि रस्त्यावरच्या घरांच्या खिडक्या थरथरतात. म्हणून अ‍ॅक्सेसरीच्या दुकानांनी बिलासोबत एक चिठ्ठी द्यावी: वूफरचे पॅरामीटर, पेटीचे निव्वळ लिटर, पोर्ट असल्यास ट्यूनिंग आणि फिल्टरची मर्यादा. ग्राहकाने ती मागून घ्यावी. कारागिराच्या हातातले कसब मोलाचे आहेच. त्याला अर्ध्या तासाच्या हिशेबाची जोड मिळाली, तर ते वाया जाणार नाही आणि ग्राहकाचा पैसाही सार्थकी लागेल.