रिकाम्या कपारीलाही संरक्षण द्या

न्यूकॅसल आणि गेट्सहेड येथील कौन्सिलच्या सन्माननीय सदस्यांना,



टाइन नदीकाठी राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातून हे पत्र लिहीत आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर कुरव हिवाळ्यापुरते पाहुणे म्हणून येतात. त्यांची घरटी तिथे दिसत नाहीत. इथे मात्र त्याच कुळातले किटिवेक टाइन ब्रिजवर आणि आसपासच्या इमारतींवर पिल्ले वाढवतात, तेही समुद्रापासून सुमारे १३ किलोमीटर आत. समुद्रापासून इतकी दूर त्यांची वसाहत जगात दुसरी नाही. खाली वाहनांची वर्दळ आणि हॉटेलांतली गर्दी, वर हजाराहून अधिक जोड्यांचा संसार. या दोन शहरांनी अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे.

किटिवेक जमिनीवर येतो तो केवळ विणीसाठी. त्याला उभ्या कड्यावरची अरुंद कपार लागते. पुलाच्या दगडी मनोऱ्याची कड त्याला तशीच वाटते. तिथे चिखल आणि गवत थापून तो घरटे करतो. पिल्लू पंख फुटेपर्यंत जागचे हलत नाही. म्हणूनच त्या वीतभर कडेवर सारे अवलंबून असते.

हे आपण पूर्वीच ओळखले आहे. बाल्टिक नावाच्या जुन्या पीठगिरणीचे कलाकेंद्र होणार असे ठरले, तेव्हा बेघर होणाऱ्या पक्ष्यांसाठी १९९८ मध्ये गेट्सहेडला खास मनोरा उभा राहिला आणि पक्ष्यांनी तो आपलासा केला. १९२८ च्या टाइन ब्रिजची मोठी दुरुस्ती २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हाही किटिवेकचा विचार झाला. त्याबद्दल मनापासून आभार.

आता मागणी. १९८१ चा वन्यजीव कायदा वापरातल्या घरट्याला हात लावू देत नाही. पण ऑगस्टअखेर पक्षी अटलांटिककडे निघून गेले की तीच कपार कायद्याच्या लेखी नुसती भिंत उरते. मग कोणीही तिथे जाळी ताणावी, खिळ्यांच्या पट्ट्या ठोकाव्यात. वसंतात जुन्याच जागी परतणाऱ्या जोडीला दार बंद दिसते. सैल जाळीत अडकून पक्षी मरतातही.

म्हणून नदीकाठच्या बांधकाम परवानगीत तीन अटी घाला. पक्षी दरवर्षी जिथे परततात ती कपार बंद करायची असेल, तर आधी जवळच तेवढीच पर्यायी जागा तयार हवी. ती पक्ष्यांनी स्वीकारल्याशिवाय जुनी बंद होऊ नये. आणि जाळीची देखभाल न करणाऱ्या मालकावर कारवाई व्हावी.

विष्ठा आणि दुर्गंधी यांची दुकानदारांची तक्रार खरी आहे. तिचे उत्तर विणीच्या हंगामात पदपथ रोज धुणे हे आहे, आणि तो खर्च कौन्सिलने उचलावा. एकट्या दुकानदारावर टाकू नये.

किटिवेक २०१५ पासून ब्रिटनच्या धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. त्याच्या पिल्लांचे मुख्य अन्न असलेल्या सँडईल माशांची मासेमारी २०२४ मध्ये उत्तर समुद्राच्या इंग्लिश हद्दीत बंद झाली. समुद्रातला घास सरकारने राखला. काठावरचा निवारा राखणे आपल्या हाती आहे. २०२८ मध्ये पुलाला शंभर वर्षे पूर्ण होतील. त्याआधी या तीन अटी मंजूर कराव्यात, ही आग्रहाची विनंती.

आपली नम्र,
टाइनकाठची एक रहिवासी