माळव्याचा विजयस्तंभ

इ. स. ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या रणांगणावर गॉथांनी रोमन सम्राट व्हॅलेन्सचा पराभव केला. त्यात तो मारला गेला. हूणांच्या भयाने डॅन्यूब ओलांडून आलेल्या या आश्रितांना रोमन अधिकाऱ्यांनी उपाशी ठेवून नाडले होते. त्यातूनच हे युद्ध पेटले.

हूण नावाचेच आक्रमक पुढे भारतातही आले. सहाव्या शतकात गुप्त साम्राज्य खचले असता त्यांच्या मिहिरकुलाला नमविले ते माळव्याच्या यशोधर्मन राजाने. मंदसोरजवळ सोंधनी येथील त्याच्या स्तंभावर वासुल कवीची प्रशस्ती ही कथा सांगते.

वाचकहो, पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहून आपण तो स्तंभ पाहिला आहे काय? ज्या भूमीचे अन्न खातो, तिचा इतिहास मुलांना दाखविणे हेही ऋण फेडणेच होय.