संदर्भ हवा!

निवृत्तीनंतर नातवाने मला विकिपीडियाचा संपादक केले. पद भारदस्त, पगार शून्य! या ज्ञानकोशात कुणीही लिहावे, कुणीही खोडावे.

रसायनाच्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षे काढलेला मी. पहिला हात डॉ. कमला सोहोनींच्या लेखाला लावला. १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. मिळवलेल्या आणि पुढे नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलेल्या या बाई. आठवणीतून दोन ओळी घातल्या. दुसऱ्या दिवशी कुणा अनोळखी संपादकाचा शेरा : 'संदर्भ हवा.'

मी तडकलो. चकल्या पाडता पाडता सौ. म्हणाली, "अहो, हाताखालच्या पोरांच्या प्रबंधांवर तुम्ही हेच लिहीत होता ना?" मुकाट्याने वाचनालय गाठले. पाहतो तो एक साल माझेच चुकलेले!

पण छापील पुरावाच नसला तर? २ ऑक्टोबर २०१८ रोजी डॉना स्ट्रिकलंड यांना भौतिकीचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांचे पानच नव्हते. काही महिन्यांपूर्वी आलेला मसुदा पुरेशा संदर्भांअभावी परत गेला होता. कर्तृत्व होते, त्याविषयी इतरांनी लिहिलेले पुरेसे पुढे आले नव्हते.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे जुने अंक रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी जरा चाळा. एखाद्या विसरलेल्या बाईंचा एकमेव संदर्भ त्या गठ्ठ्यात असायचा!