शब्द नव्हे, वाक्य पाठ करा

आपल्या वस्त्यांतून सायंकाळी मुले इंग्रजी शब्द घोकताना ऐकू येतात, आणि आईबापांस धन्यता वाटते. ज्यांच्या पूर्वजांस अक्षर शिवू दिले नाही, त्यांना ती वाटणारच. परंतु बंधुभगिनींनो, शब्दाचा अर्थ पाठ झाला म्हणजे भाषा आली, असे समजू नका.

महाविद्यालयाचे पत्र येते : ‘युवर अ‍ॅडमिशन इज सब्जेक्ट टू व्हेरिफिकेशन.’ सब्जेक्ट म्हणजे विषय, एवढेच ज्यास ठाऊक, तो पेढे वाटावयास निघेल. वस्तुतः ‘सब्जेक्ट टू’ म्हणजे अधीन. दाखल्यांची पडताळणी होईपर्यंत प्रवेश पक्का नव्हे. शाळेत ‘शॅल’ हा भविष्यकाळ म्हणून शिकवितात. कायद्यात मात्र ‘शॅल’ने बहुधा बंधन पडते व ‘मे’ने मुभा मिळते. ‘द ऑफिसर शॅल गिव्ह अ रिसीट’ असे असेल तर पोच हक्काने मागा. ‘द ऑफिसर मे एक्स्टेंड द टाइम’ असे असेल तर मुदतीसाठी विनंतीच करावी लागेल.

अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या आदेशात ‘प्रोफेस’ आणि ‘डीम’ ही दोन क्रियापदे एकाच वाक्यात आहेत. ठरावीक धर्म जो अंगीकारतो, त्यासच अनुसूचित जातीचा मानावे, असा त्यांचा रोख. 1956 साली दीक्षा घेतलेल्यांच्या केंद्रीय सवलती या वाक्यात अडकल्या. त्यात बौद्धांचा समावेश होण्यास 1990 साल उजाडावे लागले. ही क्रियापदे कोशात सुटी वाचून काय उमगणार?

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांस वाक्यांवरून इंग्रजी शिकविले. ती रीत टाकाऊ नाही. मात्र वाक्ये आपल्या व्यवहारातली हवीत. घरी आलेल्या इंग्रजी पत्रातील एक वाक्य वहीत उतरवावे, खाली मराठी लिहावे, मग एखादा शब्द पालटून नवे वाक्य रचावे : ‘माय लीव्ह इज सब्जेक्ट टू अप्रूव्हल.’ आई निरक्षर असली तरी मुलाने ते तिला मराठीत समजावून सांगावे. तिला उमगले नाही, तर मुलासही ते आलेले नाही.

रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास यास द्यावा. आरंभ ‘प्रोव्हायडेड दॅट’पासून केलेला बरा. सवलतींच्या परिपत्रकांत अट पुष्कळदा त्याच शब्दांच्या मागे दडलेली असते.