समुद्राखालचा चिखल

आमचा पुतण्या मुंबई हायच्या तेलफलाटावर आहे. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, असा त्याचा संसार. यंदा दिवाळी नेमकी घरच्या पाळीत आली. पहिल्या आंघोळीनंतर चकली मोडता मोडता मी त्याला म्हटले, "विहीर खणणे ही काय मोठी विद्या! आमच्या आजोबांनी कोकणात दोन खणल्या."

तो हसला. "काका, आजोबांच्या विहिरीला पाणी उसळले तेव्हा घरात पेढे वाटले असतील. आमची विहीर उसळली तर माणसे मरतात."

झाले! फराळ राहिला बाजूला आणि माझी शिकवणी सुरू झाली.

मुंबई हायचे तेल 'सागर सम्राट'ला १९७४ साली लागले. तेथे पाणी जेमतेम पाऊणशे मीटर. फलाट तळात पाय रोवून उभा राहतो. पण मेक्सिकोच्या आखातात दीड हजार मीटर पाण्यात पाय रोवणार कुठे? तेथले तरंगते फलाट उपग्रहाला आपला ठावठिकाणा विचारीत, पाण्याखालच्या पंख्यांनी स्वतःला जागच्या जागी धरून ठेवतात. तेथून तळापर्यंत जाणारा नळ अर्धा मीटर रुंद. शिवणाचा अर्ध्या मिलिमीटरचा दोरा दीड मीटर खाली सोडावा, असे ते प्रमाण. आणि या दोऱ्यातून कातळ फोडायचा!

खरी मेख मात्र चिखलात आहे. विहिरीत मुद्दाम जड चिखल भरतात. खालचा वायू आणि तेल वर येऊ पाहतात, त्यांना तो आपल्या वजनाने दाबून धरतो. हलका पडला तर वायू उसळतो. फार जड झाला तर खडकच तडकतो आणि चिखल भेगांत नाहीसा होतो. या दोहोंमधली वाट खोल समुद्रात फार अरुंद. वरच्या दीड हजार मीटरांत खडकाऐवजी नुसते पाणी, त्यामुळे खालचा खडक तितका दाबून घट्ट झालेला नसतो. म्हणून थोडे खणायचे, पोलादी नळी बसवून सिमेंट भरायचे, मग त्याहून बारीक नळी घेऊन पुढे जायचे. आमच्या हिला हे चटकन पटले. पाक एकतारी की दोनतारी, यातले अंतर तिला ठाऊक!

'डीपवॉटर होरायझन' या फलाटाने २००९ साली १०,६८५ मीटरांची विहीर खणली होती. पुढच्याच वर्षी मकोंडो विहिरीत चिखल भेगांत मुरू लागला, म्हणून ५,६०० मीटरांच्या आसपास खणणे आवरते घेतले. २० एप्रिल २०१० ला विहीर बुजवून निघायची तयारी चालली होती. तळाचे सिमेंट धरले की नाही, हे पाहायला वरचा दाब काढून घेतात आणि काटा शून्यावर राहतो का ते बघतात. एका नळावर शून्य होते. दुसऱ्यावर चौरस इंचाला चौदाशे पौंड! मंडळींनी शून्य खरे धरले, चौदाशेला एक कारण चिकटवले, आणि जड चिखल काढून समुद्राचे पाणी भरू लागले.

रात्री पावणेदहाच्या सुमारास चिखल फलाटावर उसळला. मागोमाग वायू, मग स्फोट. अकरा माणसे गेली. तळाशी विहिरीचे तोंड मिटवणारा झडपांचा मनोरा होता, पण नळ वाकून बाजूला सरकलेला. पाती पुरती मिटलीच नाहीत. तेल ८७ दिवस वाहिले. मे महिन्यात वरून प्रचंड पोलादी झाकण सोडले, तर तळाच्या थंडीत आणि दाबात वायू पाण्याशी मिळून बर्फासारखा गोठला आणि वाटच चोंदली.

"तुमच्याकडे काटा असा चढला तर?" मी विचारले.

"आधी काम बंद. मग साहेबाला उठवायचे, रात्रीचे दोन वाजलेले असोत."

"आणि साहेब चिडला तर?"

"चिडतोच की," असे म्हणून त्याने उरलेली चकली तोंडात टाकली.

भाऊबीज आटोपून तो जुहूहून हेलिकॉप्टरने गेला. सामानाचे वजन करतात म्हणून हिने बांधलेले दोन डबे मात्र आमच्याकडेच राहिले.