बाळाचे जुलाब आणि आईवरचा ठपका

1989 सालचा डिसेंबर. मोहन्याच्या आमच्या चाळीत त्या वर्षी थंडी चांगलीच पडली होती. वडील एनआरसीत रात्रपाळीला गेले होते आणि घरात आमची दहा महिन्यांची धाकटी बहीण उलट्या-जुलाबांनी लोळागोळा होऊन पडली होती. शेजारच्या म्हाताऱ्या बायकांनी सांगितले, दात येतायत, पाणी पाजू नका, पाजाल तेवढे बाहेर पडेल. आईने ऐकले. दुसऱ्या दिवशी बाळाची टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांतून पाणी येईना. कल्याणला एका डॉक्टरकडे नेले. त्याने सुई टोचता टोचता आईला सुनावले, "तुम्हा लोकांच्या घरात स्वच्छता म्हणून नसतेच." त्याच रात्री बाळ गेले.

आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो. पुढे वर्षानुवर्षे आई हंडा-कळशी राखेने अशी घासायची की हाताची कातडी निघायची. वडील म्हणायचे, बस कर. ती बस करायची नाही. तो ठपका ती धूत होती, हे आम्हांला फार उशिरा कळले.

वाचक बंधू-भगिनींनो, हे घरचे दुःख मांडायचे कारण पुण्यातल्या एका शास्त्रज्ञ बाईंचे काम आहे. डॉ. चितांबर हे नाव आपल्या वस्तीत कुणी ऐकलेले नसेल. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षे पोटाच्या आजारांचे विषाणू शोधले. ही संस्था 1952 साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली आणि 1978 पासून तिला आजचे नाव मिळाले. करोनाच्या काळात ती घरोघरी माहीत झाली. पण तिथे पोटाच्या विषाणूंवर काम करणारा एक विभाग आहे, त्याची बातमी कधी होत नाही. कारण तिथला कच्चा माल म्हणजे लहान मुलांची शी.

हसू नका. रुग्णालयात दाखल झालेल्या बाळाची शी डबीत घ्यायची, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत आणायची, तिच्यातला विषाणू ओळखायचा, त्याची जात-पोटजात ठरवायची आणि वर्षामागून वर्षे नोंद ठेवायची, हेच ते संशोधन. ज्या देशात मैला उचलणाऱ्याला माणसाने माणूस मानले नाही, त्याच देशात मैल्यातून बालकांचे मरण शोधणाऱ्या बाईंचा आम्हांला आदर वाटतो. सुरुवातीच्या काळात त्या डॉ. विद्या अरणकल्ले यांच्यासोबत दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीवर काम करत होत्या. नंतर रोटा विषाणू हा त्यांचा मुख्य विषय झाला.

रोटा म्हणजे लॅटिन भाषेत चाक. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू आऱ्यांच्या चाकासारखा दिसतो. 1973 साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या बाल रुग्णालयात रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या बालकांच्या आतड्याचे बारीक तुकडे तपासले, त्यांत तो सापडला. तोवर बहुसंख्य बालकांच्या जुलाबाचे कारण डॉक्टरांनाही सांगता येत नव्हते. बिशपबाई 2022 साली वारल्या. उभी हयात त्यांनी या एका विषाणूमागे घातली.

आता आमच्या आईच्या कामाची गोष्ट सांगतो. हा विषाणू गरीब-श्रीमंत पाहत नाही. पाच वर्षांचे होईपर्यंत जगातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. फरशी चकचकीत असलेल्या बंगल्यातही आणि पत्र्याच्या खोलीतही. आजारी बाळाच्या चिमूटभर शीत अब्जावधी विषाणू असतात आणि नव्या बाळाला लागण व्हायला त्यांतले मोजके पुरतात. खेळण्यावर, दाराच्या कडीवर तो काही दिवस टिकतो. आपल्याकडे थंडीच्या महिन्यांत तो जास्त आढळतो. आमची बहीण डिसेंबरात गेली. तिची शी कुणी तपासली नाही, म्हणून रोटानेच गेली असे आम्ही म्हणणार नाही. पण घाणीनेच गेली असे म्हणायचा अधिकार त्या डॉक्टरलाही नव्हता.

फरक पडतो तो मरणात. 2013 साली जगात पाच वर्षांखालची सुमारे 2 लाख 15 हजार बालके रोटाने दगावली. त्यांतली जवळपास 22 टक्के आपल्या देशातली. मेलबर्नचे बाळ आजारी पडून घरी परतते, मोहन्याचे परतत नाही, हा फरक वेळेवर मिळणाऱ्या पाण्याचा आणि उपचाराचा आहे.

डिसेंबर 2005 ते नोव्हेंबर 2007 या काळात देशातल्या अनेक रुग्णालयांत जुलाबाने दाखल झालेल्या 4,243 बालकांची तपासणी झाली. त्यांत 39 टक्क्यांना रोटा निघाला. वेल्लोरच्या डॉ. गगनदीप कांग यांच्याबरोबर या अभ्यासात डॉ. चितांबरही होत्या. आधी असा हिशेब मांडला गेला, म्हणून लसीची मागणी कागदावर टिकली. आम्ही कारकुनी करतो. आकडा नसलेल्या अर्जाचे काय होते ते आम्हांला चांगले माहीत आहे.

पण सगळा दोष विषाणूवर टाकून नगरपालिकांना मोकळे सोडायचेही कारण नाही. 2006 साली दक्षिण मुंबईत मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये जुलाबाच्या दोन साथी आल्या. पुण्याच्या याच विभागाने दोनशेहून अधिक नमुने सात प्रकारच्या विषाणूंसाठी तपासले. रोटा होता, एन्टेरो होता, नोरो होता, आणखीही होते. काही रुग्णांत तर एकाहून अधिक विषाणू एकदम मिळाले. हे विषाणू विष्ठेतून तोंडात जातात. एकाच साथीत एवढी मंडळी जमतात तेव्हा नळ आणि गटार कुठेतरी भेटले असावेत, असा आमचा तरी संशय आहे. हा जाब आईला नव्हे, पाणीखात्याला विचारायचा.

लसीकडे येऊ. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान यांना नवजात बालकांत रोटाचा असा एक वाण सापडला, की ज्याने बाळ आजारी पडत नव्हते. त्यापासून रोटावॅक ही देशी लस झाली. तिची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्यात 6,799 बालकांवर झाली. पहिल्या वर्षात गंभीर जुलाब निम्म्याहून थोडे अधिक कमी झाले. म्हणजे लस घेतली तरी जुलाब होऊ शकतात, पण जीव जाण्याइतके व्हायची शक्यता बरीच कमी होते. 2016 पासून चार राज्यांत आणि 2019 पासून महाराष्ट्रात सरकारी केंद्रांत रोटाची लस फुकट मिळते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, तोंडावाटे. सुई नाही. पहिला डोस वर्षाच्या आत झाला पाहिजे.

आणि तरीही जुलाब लागलेच तर? विषाणू लहान आतड्याच्या आतल्या पेशी खातो, म्हणून अन्न-पाणी शोषले जात नाही. पण साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र गेले तर आतडे त्यांच्यासोबत पाणी ओढून घेते. जलसंजीवनीचे रहस्य एवढेच. 1971 साली बंगालमधल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्यावर हजारोंना पटकीतून वाचवले. पुडी एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात घालावी, चमच्याचमच्याने पाजावी, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजावी. अंगावरचे दूध बंद करू नये. झिंकची गोळी डॉक्टर किंवा आशाताई सांगतील तशी चौदा दिवस द्यावी. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. ते मागू नये. बाळ सुस्त झाले, पीत नाही, लघवी थांबली, शीत रक्त दिसले, तर पुडीवर विसंबून घरी बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

हे सगळे आम्ही गेल्या आठवड्यात आईला वाचून दाखवले. ती आता सत्तरीच्या पुढे आहे. ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तवा पाणी पाजलं असतं तर?"

आम्ही म्हणालो, "तुला कुणी सांगितलंच नव्हतं, आई."

ती बराच वेळ बोलली नाही. उठून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेले नातीच्या बाळाचे लसीचे कार्ड काढले आणि आमच्या पुढ्यात धरले. चौदा आठवड्यांचा रकाना कोरा होता. "बुधवारी अंगणवाडीत बोलावलंय," ती म्हणाली. "पोरीला कामाला जायचंय. मी नेते बाळाला."